कपाशीच्या पानाची साक्ष

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग इ.स. १९०० च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यांतून निघाला, आणि मुदखेड व धर्माबाद यांच्या मधल्या उमरी गांवाला कापसाची पेठ म्हणून महत्त्व आलें. भोंवतालची काळी जमीन कपाशीला मानवणारी. तींत पिकणाऱ्या कापसास लोक गावरानी म्हणत. दिवाळीपासून गाड्यांची रांग लागावी, जिनांत रुई व सरकी वेगळी व्हावी, आणि दाबलेल्या गांठी मुंबईच्या वाटेला लागाव्या, असा क्रम कित्येक पिढ्या चालला. १९४८ च्या जानेवारींत मुक्तिसंग्रामांतील सैनिकांनीं उमरीच्या बँकेवर जो प्रसिद्ध छापा घातला, तो ऐन कापसाच्या हंगामांतला, ही गोष्ट त्या प्रसंगाचें वर्णन करतांना सहसा कोणी सांगत नाहीं.

आमच्या आजोबांचें शेत उमरीपासून दोन कोसांवर होतें. प्रस्तुत लेखक सातआठ वर्षांचा असतां त्यांच्याबरोबर श्रावणांत शेतांत गेल्याचें त्याला आठवतें. कपाशी गुडघाभर झाली होती. फूल अजून लागलें नव्हतें. आजोबा तासांतून चालतां चालतां एकाएकीं वांकत, एखादें झाड मुळासकट उपटीत आणि बांधावर टाकीत. मला तीं सगळीं झाडें सारखींच दिसत. मीं विचारलें तेव्हां त्यांनीं दोन पानें माझ्या तळहातावर ठेविलीं. एकाचीं बोटें रुंद व आखूड, दुसऱ्याचीं अरुंद व लांब, जणूं कोंबड्याच्या पायासारखीं. "हे बघ, हे आपल्या घरचं न्हाई. वऱ्हाडाकडून आलेलं हाय. फूल लागायच्या आधी उपटायचं, नाही तर सगळं रान बाटतं." पुढें वनस्पतिशास्त्र हाच माझा व्यवसाय झाला, आणि आजोबांनीं त्या पानांवरून दिलेला निवाडा कितपत खरा होता, हा प्रश्न माझ्या मनांतून कधीं गेला नाहीं. त्याचें उत्तर शोधतांना जो इतिहास हातीं आला, तोच या लेखाचा विषय आहे.

प्रथम या भांडणांत पणाला काय लागलें होतें तें पाहूं. एकोणिसाव्या शतकांत हिंगणघाटच्या 'बनी' कापसाची मोठी कीर्ति होती. त्याचा धागा देशी कापसांत लांब व तलम, आणि गावरानी हा त्याच कुळांतला. परंतु त्याला एक मोठें व्यंग होतें. शंभर शेर कापसापासून बनीची रुई तीस शेरांच्या आंतबाहेर निघे, बाकी सरकी. याउलट वऱ्हाडांत पसरलेल्या 'रोझियम' नांवाच्या आखूड व जाड धाग्याच्या कापसाची रुई चाळीस शेरांच्या जवळपास भरे. शिवाय त्याचें पीक लवकर व भरघोस येई. गिरणीला लांब धागा पाहिजे होता, शेतकऱ्याला जास्त रुई पाहिजे होती, आणि मधल्या व्यापाऱ्याला दोहोंचें मिश्रण करून चांगल्या नांवावर खपवितां आलें म्हणजे पुरे होतें. ज्यानें शुद्ध गावरानी पिकविला त्याच्या पदरीं मिश्र मालाचाच भाव पडे. मग त्यानें शुद्ध बियाणें कां राखावें? नागपूरकडील शेतकी खात्यानेंच कांहीं काळ रोझियमचा पुरस्कार केला होता, व निव्वळ शेतकऱ्याच्या हिशोबानें पाहिलें तर त्यांत वावगें कांहीं नव्हतें.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मॅकेन्ना यांच्या अध्यक्षतेखालीं कापूस-समिति बसली. तिच्या शिफारशीवरून १९२१ सालीं इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली, आणि १९२३ सालीं कापसाच्या वाहतुकीचा कायदा होऊन चांगल्या कापसाच्या प्रदेशांत बाहेरचा हलका कापूस आणण्यास बंदी करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. निजामाच्या राज्यांतही पुढें याच धर्तीचा कायदा झाला. कायदा झाला तरी कोणता कापूस आपला व कोणता परका हें ओळखावयाचें कसें? गांठ फोडून धागा मापतां येतो. पण तोंवर भेसळ होऊन चुकलेली असते. ओळख पाहिजे ती शेतांत, आणि शक्य तर फूल येण्यापूर्वीं. म्हणजे पानावरून.

पानावरून जाति ठरविण्याची ही हौस जुनी आहे. लिनीयसनें १७५३ सालीं जुन्या जगांतील कपाशीच्या दोन जाति सांगितल्या: एक आर्बोरियम, म्हणजे वृक्षासारखी, व दुसरी हर्बेशियम, म्हणजे रोपासारखी. या नांवांनीं पुढें पुष्कळ घोटाळा केला. कारण कमरेइतकी वाढून वर्षांत वाळणारी आमची गावरानी कपाशी ही वृक्षवत् आर्बोरियमचीच लेक आहे, हें नांवावरून कोणाच्या स्वप्नांतही येणार नाहीं. लिनीयसच्या मागून आलेल्यांनीं कोणाचें पान खोल चिरलेलें, कोणाचें उथळ, कोणावर लव दाट, कोणावर विरळ, असें पाहून नवीं नवीं नांवें दिलीं. इटलींत पार्लातोरेनें १८६६ सालीं कपाशीच्या सात जाति मानल्या होत्या. त्यानंतर पुरतीं बारा वर्षेंही झालीं नाहींत तों पालेर्मोच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख टोडॅरो यांनीं ती संख्या पन्नासाच्या पलीकडे नेली. दरम्यान निसर्गानें नवीन कांहीं उत्पन्न केलें होतें असें नव्हे; पाहणाऱ्याची नजर तेवढी बारीक झाली होती, आणि बारीक नजरेला शहाणपणाची जोड प्रत्येक वेळीं असतेच असें नाहीं.

याच सुमारास दुसऱ्या एका झाडाच्या बाबतींत अगदीं हेंच नाटक घडत होतें, म्हणून थोडें विषयांतर करतों. इंग्रजी काव्य वाचलेल्या वाचकांस हॉथॉर्नचें कांटेरी, मे महिन्यांत पांढऱ्या फुलांनीं बहरणारें झुडूप नांवानें तरी ठाऊक असेल. इंग्लंडांत त्याच्या दोन जाति आहेत. एकीचें पान खोल चिरलेलें व फळांत बी एक. दुसरीचें पान उथळ खांचांचें व फळांत बिया बहुधा दोन किंवा तीन. दोघी शेजारीं वाढल्या कीं त्यांचा संकर होतो, आणि मग मधल्याच खोलीच्या खांचांचीं पानें दिसूं लागतात. अमेरिकेंत तर १८९६ पासून पुढील दहापंधरा वर्षांत सार्जंट, अॅश, बीडल प्रभृति पंडितांनीं पानांच्या दंतुरपणावरून व अशाच बारीक खुणांवरून या एका कुळांत एक हजाराहून अधिक जातींचीं नांवें उभीं केलीं. पुढें कळून आलें कीं, या झाडांत संकर फार होतो, गुणसूत्रांचे संच कांहींत दुप्पट तर कांहींत तिप्पट असतात, आणि कित्येक झाडें फलनावांचूनच बी धरतात. त्यामुळें एकाच झाडाची हुबेहूब संतति टेकडीभर पसरते व ती स्वतंत्र जातीसारखी भासते. पान खोटें बोललें नव्हतें. पानाला जो प्रश्न विचारला त्याचें उत्तर त्याच्याजवळ नव्हतें, इतकेंच.

आतां आपल्या कपाशीकडे वळूं. पुण्यास वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले जॉर्ज ग्यामी यांनीं हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतून कपाशीचें बियाणें मागवून तें एकाच जमिनींत शेजारीं शेजारीं लाविलें. ही पद्धति अत्यंत योग्य होती. कारण वाळवून कागदावर डकविलेल्या फांदीपेक्षां जिवंत झाडांची रांग फार अधिक सांगते. १९०७ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांत वऱ्हाड-खानदेशाकडील मिश्र कापसाचे त्यांनीं जे प्रकार पाडले ते पाहण्यासारखे आहेत. अरुंद पान व पिवळें फूल तें 'व्हेरा'. रुंद पान व पिवळें फूल तें 'माल्व्हेन्सिस'. अरुंद पान व पांढरें फूल तें 'रोझिया', म्हणजे वर सांगितलेला रोझियम. आणि रुंद पान व पांढरें फूल तें 'कच्छिका'. बनीला त्यांनीं 'इंडिकम' हें वेगळें नांव दिलें. त्याच वर्षीं सर जॉर्ज वॅट यांचा जगांतील कपाशींवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, व त्यांनीं तीच बनी 'नानकिंग' जातीचा एक प्रकार म्हणून नोंदली. एकाच वर्षीं, एकाच सरकारच्या चाकरींत असलेल्या दोन विद्वानांनीं एकाच झाडाला दोन कुळांत घातलें! उमरीच्या शेतकऱ्याला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें हें त्याचें भाग्य म्हटलें पाहिजे.

ग्यामींचे हे चार प्रकार पुन्हां एकदां पाहा. दोन प्रकारचीं पानें, दोन रंगांचीं फुलें, आणि त्यांच्या जितक्या जोड्या जमूं शकतात तितक्या चारही जोड्या हजर. मेंडेलचे नियम ज्यानें एकदां शिकले आहेत त्याला हा चौकोन ओळखूं येण्यास क्षणही लागत नाहीं. या चार जाति नव्हतच. दोन स्वतंत्र गुणांचा हा साधा खेळ आहे. मेंडेलचा निबंध १९०० सालीं पुन्हां उजेडांत आला होता खरा, परंतु शेतांतील व्यवहारापर्यंत त्याचा प्रकाश पोंचण्यास थोडीं वर्षें लागलीं.

तो प्रकाश कानपूरास मार्टिन लीक यांनीं पाडला. 'रुंद' आणि 'अरुंद' हे शब्द पाहणाऱ्याच्या मर्जीवर असतात, म्हणून त्यांनीं पानास फूटपट्टी लावली. मधल्या खंडाची खांचेपासून शेंड्यापर्यंतची लांबी घ्यावयाची व त्या खंडाच्या रुंदीनें भागावयाची. येणाऱ्या आंकड्यास त्यांनीं पर्णगुणक म्हटलें. रुंद पानाच्या झाडांत हा आंकडा दोनाच्या खालीं राहतो, अरुंद पानाच्या झाडांत तिनाच्या वर जातो. दोहोंचा संकर केला तर पहिल्या पिढींतील सर्व झाडें दोन व तीन यांच्या मध्यें पडतात. आणि त्या झाडांचें बी पेरलें असतां पुढच्या पिढींत एक भाग रुंद, दोन भाग मधलीं व एक भाग अरुंद, असें प्रमाण मिळतें. १९११ सालीं हें संशोधन छापलें गेलें. ज्या पानावर जातींचे मनोरे रचले होते तें पान एका गुणघटकाच्या इशाऱ्यावर बदलतें, हें यावरून उघड झालें. १९३४ सालीं हचिन्सन यांनीं इंदूरच्या संस्थेंत याच प्रश्नाचा आणखी तपास करून, तो घटक दोनच रूपांत नव्हे तर अनेक रूपांत आढळतो, हेंही दाखविलें.

मापाविषयीं येथें एक सूचना केल्याशिवाय राहवत नाहीं, कारण आमचे विद्यार्थी दर वर्षीं तीच चूक करतात. कपाशीच्या एकाच झाडावर पानें निरनिराळ्या आकारांचीं असतात. रोपाचीं पहिलीं पानें जवळजवळ अखंड, पिंपळपानासारखीं. पुढचीं क्रमाक्रमानें खोल चिरलेलीं. आणि शेंड्याकडे फळफांद्यांवरचीं पुन्हां साधीं. एका झाडाचें पांचवें पान व दुसऱ्याचें पंधरावें पान घेऊन जर कोणी तुलना करूं लागला, तर तो एका झाडाचीं दोन झाडें करील. जुन्या नमुन्यांवरून नवीन जाति निर्माण झाल्या त्यांतील कांहींचा जन्म असाच झाला असावा अशी माझी शंका आहे.

बाह्य आकार दगा देतो तर आंत डोकवावें, हें साहजिक आहे. कपाशीच्या पानाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला कीं वरच्या कातडीखालीं उभ्या, लांबट पेशींची एक रांग दिसते. तिच्याखालीं विरळ, पोकळ्यांची जागा. मधून मधून काळपट तेलग्रंथि, ज्यांत गॉसिपॉल हें कडू विषारी द्रव्य असतें. आणि खालच्या अंगास मधल्या शिरेवर एक लहानसा खड्डा, ज्यांतून मध झिरपतो. खालच्या कातडीवर ताऱ्यासारखे फुटलेले रोम असतात. या सगळ्या खुणा पानाची कपाशी म्हणून ओळख पटविण्यास उत्तम आहेत. मधाचा खड्डा नसणें ही हवाई बेटांतील रानटी कपाशीची खूण आहे. रोमांची दाटी व लांबी पाहून तुडतुड्यांस कोणतें झाड टिकेल याचा अंदाज बांधतां येतो. परंतु आर्बोरियम व हर्बेशियम या दोन सख्ख्या बहिणींचे छेद शेजारीं ठेवले तर कोणताही सावध मनुष्य शपथेवर निकाल देण्यास कचरेल. मीं स्वतः तो प्रयत्न केला आहे, आणि स्वतःच लाविलेल्या चिठ्ठ्या झांकून ठेवल्यावर फसलों आहें.

सूक्ष्मदर्शक खरोखर उपयोगी पडतो तो देशी व अमेरिकन यांच्या निवाड्यांत. जुन्या जगांतील लागवडीच्या कपाशींत गुणसूत्रांच्या तेरा जोड्या असतात, अमेरिकेंतील लागवडीच्या कपाशींत सव्वीस, ही गोष्ट १९२० नंतरच्या दशकांत निश्चित झाली. गुणसूत्रांचा संच दुप्पट झाला म्हणजे पेशी सामान्यतः मोठी होते, व पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींत तें चटकन् दिसतें. पानाच्या पाठीवर नखांना लावण्याच्या रंगाचा पातळ थर द्यावा, वाळल्यावर सोलून कांचेवर पसरावा. रंध्रांचा ठसा त्यांत उमटतो. देशीचीं रंध्रें लहान व गर्दीनें, अमेरिकनचीं मोठीं व विरळ. आमच्या वर्गांत हा प्रयोग मुलें मोठ्या आवडीनें करतात. दोहोंचा संकर पहिल्याच पिढींत वांझ निघतो, हा या भेदाचा पक्का पुरावा.

मग आर्बोरियम व हर्बेशियम यांचें काय? दोहोंची गुणसूत्रसंख्या एकच. त्यांचा संकर सहज होतो, पहिली पिढी चांगली जोमदार व फलद्रूप असते; परंतु तिचें बी पेरलें कीं पुढच्या पिढींत पुष्कळ झाडें दुबळीं व बिघडलेलीं निघतात. १९३७ सालीं हचिन्सन व घोष यांनीं आशिया व आफ्रिका येथील लागवडीच्या कपाशींचा पसारा आवरून त्या या दोनच जातींत बसविल्या, आणि १९४४ सालीं सायलो यांनीं संकराच्या या अनुभवावरून दोन जातींचें वेगळेपण समजावून दिलें. गावरानी व बनी त्यांत आर्बोरियमच्या 'इंडिकम' वंशांत आल्या; ग्यामींचा शब्द अशा रीतीनें टिकला, पण जातीचा मान गमावून. आणि गंमत अशी कीं, या दोन खऱ्या जाति ओळखण्यास पान पुन्हां कामास येतें. हर्बेशियमच्या पानाच्या खांचा अर्ध्यापेक्षां उथळ असतात व खंड बुडाशीं किंचित् आंवळलेले असतात. आर्बोरियमच्या खांचा बहुधा खोल, आणि पुष्कळदां दोन खंडांमधल्या खांचेंत एक जास्तीचा लहान दांत. तरी शेवटचा शब्द पानानें बोलावयाचा नाहीं. फुलाखालचीं तीन छदें पाहावीं. आर्बोरियममध्यें तीं लांबट, थोड्या दांत्यांचीं, पात्याला घट्ट मिठी मारलेलीं. हर्बेशियममध्यें रुंद, सहाआठ दांत्यांचीं, बाहेर पसरलेलीं. एका खुणेवर विसंबूं नये हें या विद्येंतील मोठे लोकही फार उशिरां शिकले.

आजोबांचा निवाडा या मापानें तपासला तर काय ठरतें? त्यांच्या शेतांतील बहुतेक झाडें रुंद पानांचीं होतीं व अरुंद पानांचीं तीं परकीं, हा त्यांचा सिद्धांत. लीकच्या नियमाप्रमाणें रुंद पानाचें झाड त्या गुणापुरतें शुद्धच असतें. मिश्र झाड मधल्या पानानें ओळखूं येतें. म्हणजे अरुंद व मधलीं झाडें उपटलीं, आणि तीं फूल येण्यापूर्वीं उपटलीं, तर पानापुरती शुद्धि एका हंगामांत साधते. फूल आल्यावर मधमाशा पराग इकडून तिकडे नेतातच, म्हणून त्यांची घाई सर्वस्वीं योग्य होती. परंतु धाग्याची लांबी पानांत लिहिलेली नाहीं. बाहेरच्या आखूड धाग्याच्या कापसाशीं पूर्वीं केव्हां तरी संकर झाला असेल, तर रुंद पानाच्या झाडांतही तो आखूडपणा बिनबोभाट राहूं शकतो. आणि उपटलेल्या अरुंद झाडांत एखादें उत्तम धाग्याचेंही असूं शकेल. माल्व्हेन्सिस रुंद पानाचीच होती. ती त्यांच्या शेतांत शिरली असती तर त्यांच्या डोळ्याला दिसलीही नसती. तात्पर्य, त्यांचें काम निम्में बरोबर होतें. नांदेडच्या संशोधनकेंद्रांत ज्यांनीं एकेका झाडाची रुई मोजून, त्याच्याच बियांची ओळ वेगळी पेरून, 'गावरानी ६' सारखे वाण काढले, त्यांनीं उरलेलें निम्में केलें. मात्र अशा वाणांची शुद्धि शेतांत राखली ती पाहून पाहून उपटणाऱ्या शेतकऱ्यांनीं, आणि त्यांच्याजवळ पानावांचून दुसरें साधन नव्हतें. त्याबद्दल त्यांना भावांत काय अधिक मिळालें? आजोबांच्या एका गाडीचा माल एका वर्षीं 'मिश्र' म्हणून उतरत्या भावानें घेतला गेला होता. ज्यानें घेतला त्यानें कापसाकडे पाहिलें नव्हतें, पान तर दूरच. घरांत ही हकीकत इतक्या वेळां निघे कीं आम्हां मुलांना ती पाठ झाली होती.

तो सगळा खटाटोप पुढें काळानेंच निरर्थक करून टाकला. १९७० सालीं गुजराथेंत पहिला व्यापारी संकरित कापूस निघाला. १९८४ सालीं नांदेडचाच 'एन्. एच्. एच्. ४४' आला व घरोघर गेला. आणि २००२ पासून बीटी बियाण्यानें सर्व पालटलें. हीं सारीं अमेरिकन रक्ताचीं. स्वातंत्र्याच्या वेळीं देशांतील बहुतेक सर्व कपाशी देशी होती. आज देशीचा वांटा शेंकड्यांत एक आंकडी उरला आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठानें लांब धाग्याचे देशी वाण काढले आहेत, आणि कोरडवाहू जमिनींत ते चिवट आहेत. पण उमरीच्या बाजारांत आज ज्या गाड्या उभ्या राहतात त्यांत त्यांचा माल शोधूनही क्वचित् सांपडतो.

गेल्या वर्षीं आश्विनांत उमरीस गेलों असतां लोहमार्गाच्या कडेला, बाभळींच्या आडोशास, कपाशीचीं तीन झाडें आपोआप उगवलेलीं दिसलीं. छदें पात्याला मिठी मारून होतीं, दांते थोडे. खांचेंत तो जास्तीचा दांतही होता. रंध्रांचा ठसा कॉलेजांत घेऊन पाहिला. बारीक व दाट. म्हणजे देशी, आर्बोरियम. मग फूटपट्टी घेऊन पर्णगुणक काढला. तिन्ही झाडांचा आंकडा दोन आणि तीन यांच्या मध्यें आला. आजोबांनीं तीं उपटलींच असतीं. मीं एकेक फांदी दाबून कागदावर चढविली, गांव व दिनांक लिहिला, जातीच्या रकान्यांत आर्बोरियम लिहिलें आणि वंशाचा रकाना रिकामा ठेविला. मार्गशीर्षांत बोंडें फुटल्यावर पुन्हां जाऊन मूठभर सरकी आणली आहे. मृगांत ती कॉलेजच्या बागेंत पेरावयाची आहे.